बी ओलं असताना

गावच्या शेतकी सोसायटीच्या गोदामाला लागून एक पत्र्याची शेड होती. तिन्ही बाजूंनी भिंत आणि उत्तरेकडची बाजू उघडी. तिथे ऊन कधी शिरायचं नाही, म्हणूनच ती जागा आक्काला मिळाली होती. पेरणीचे दिवस आले की लोक सोयाबीनचं बी घेऊन शेडसमोर उभे राहायचे आणि आक्का त्याला जिवाणू लावून द्यायची. मी गोदामातच कामाला होते, भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायला. मशीनच्या खडखडाटातूनही तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचायचा.

"सावलीत! अहो, सावलीत ठेवा म्हटलं ना! स्वतः टोपी घालून आलात आणि त्या बिचाऱ्यांना उन्हात?"

बिचारे म्हणजे जिवाणू. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जिवांबद्दल ती शेजारच्या लेकरांबद्दल बोलावं तशी बोलायची. त्यावरून लोकांनी तिचं नाव सावलीआक्का पाडलं. तिलाही ते ठाऊक होतं. "उन्हआक्का म्हणाले असते तर राग आला असता," म्हणायची.

काम दिसायला सोपं होतं. ताडपत्री अंथरायची, तिच्यावर बी पातळ पसरायचं, गूळ उकळून गार केलेलं पाणी शिंपडायचं आणि पाकिटातली काळी भुकटी टाकून दोन्ही हातांनी हलकं खालीवर करायचं. प्रत्येक दाण्याला काळा पापुद्रा बसला पाहिजे, पण साल सुटता कामा नये. सोयाबीनची साल फार नाजूक असते. जोरात चोळलं की ती निघून येते आणि ते बी उगवत नाही. मग सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरून टाकायचं. नवीन माणसाला आक्का समजावून सांगायची, "हे जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात. हवेतलं नत्र ओढून झाडाला देतात. झाडाने फक्त जागा द्यायची. भाडं वेळच्या वेळी भरणारे भाडेकरू मिळतायत, नीट सांभाळा."

लोक हसायचे. आक्का स्वतः मात्र फारशी हसायची नाही. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. ती आईकडे परत आली ती कायमचीच. वडील आधीच गेलेले. घरात आई, ही आणि धाकटी बहीण. धाकटी सात-आठ वर्षांनी लहान, बोलकी, जाईल तिथे माणसं गोळा करणारी. आईचा जीव तिच्यावर. आक्काचाही होता. तिला शाळेत सोडायला, तिच्या डोक्यातल्या उवा काढायला, ताप आला की उशाशी बसायला आक्काच असायची. पुढे धाकटीचं लग्न नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याशी झालं आणि घरात दोघीच उरल्या.

मग आई अर्ध्या अंगाने लुळी पडली.

ती वर्षं मी जवळून पाहिली आहेत. आक्का सकाळी आईचं अंग पुसायची, कपडे बदलायची, भरवायची आणि गोदामात यायची. दुपारी सगळे डबे उघडायचे तेव्हा ही घरी पळायची, आईला कुशीवर वळवून, चार घास घालून परत यायची. स्वतः कधी जेवायची कोण जाणे. विचारलं तर म्हणायची, "झालं माझं." कुरकुर कधी केली नाही. एकदाच म्हणाली, "आई मला धाकटीच्या नावाने हाक मारते. मी 'ओ' देते. दुसरं काय करणार?"

त्या बोलण्याच्या तळाशी काय आहे हे मला तेव्हा उमगलं नाही.

आई गेली तेव्हा धाकटी आली नव्हती. ती आली तोवर आठवडा उलटून गेला होता. घरोघरी फोन व्हायच्या आधीची ही गोष्ट. नदीपलीकडे निरोप पाठवायचा तर बसच्या ड्रायव्हरजवळ सांगायचं, तो फाट्यावरच्या दुकानात सांगायचा. निरोप पोचला होता. तरी ती वेळेवर आली नाही, हे गल्लीत सगळ्यांना कळलं. आईची सगळ्यात लाडकी, आणि शेवटी तोंड दाखवलं नाही, असं लोक बोलले. धाकटी उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. आक्का आत-बाहेर करत होती. लोकांचं बोलणं तिच्या कानांवर पडत होतं. ती गप्प राहिली. दुःखाने बोलत नसेल, असं आम्ही समजलो.

त्यानंतर दोघींचं येणं-जाणं जवळजवळ थांबलं. धाकटी कधी बाजाराला आली तर डोकावायची, पाणी पिऊन निघायची. आक्का तर नदीपलीकडे एकदाही गेली नाही. "काम असतं," एवढंच सांगायची.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी धाकटी शेडमध्ये आली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली सोयाबीनची दोन रोपं होती. तिच्या घरच्यांनी नदीकाठचं पडीक रान मोडून नवीन शेत तयार केलं होतं. तिथे सोयाबीन पहिल्यांदाच घेतलं आणि सगळं पीक पिवळं पडलं.

आक्काने रोप हातात घेतलं, मुळांवरची माती बोटांनी हळूच झटकली. मुळं स्वच्छ होती. एकही गाठ नव्हती.

"बी तसंच पेरलं?"

"हो. जुन्या शेतात तसंच पेरतो आम्ही. चांगलं येतं."

"जुन्या शेतात हे जिवाणू आधीपासून आहेत. नवीन रानात कुठून येणार? तिथे सोयाबीन कधी झालंच नाही. यंदाचं राहू दे. पुढच्या पेरणीला बियाला हे लावून घ्या."

"मग पुढच्या वेळी बी इथे घेऊन येते."

"लावलेलं बी घेऊन उन्हातून अर्धा दिवस जाणार? घरी पोचेपर्यंत निम्मे मेलेले असतील."

"मग पाकिटं दे. मी लावीन."

आक्काने रोप पुन्हा फडक्यात गुंडाळलं. मग म्हणाली, "पहिली खेप आहे. मी येते."

"असं का बोलून गेले ते माझं मलाच कळलं नाही," असं तिने मला नंतर सांगितलं. पाकिटं देऊन मोकळी होऊ शकली असती ती.

पुढच्या पेरणीला रानात पुरेशी ओल झाल्यावर आक्का निघाली. पाकिटं ओल्या कापडात गुंडाळून तिने पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. बसमध्ये खिडकीतून ऊन येत होतं, तर डबा सीटखाली पायांत धरून बसली. बरोबर बसलेल्या बाईने विचारलं, "काय, लोणी आहे का?" आक्का म्हणाली, "त्याहून लवकर बिघडणारं आहे."

पुढचं सगळं मला तिनेच सांगितलं. काही नंतर धाकटीकडून कळलं. दोघींच्या सांगण्यात कुठे फरक नव्हता.

धाकटीच्या घरामागे गुरांचा गोठा होता. गुरं बाहेर बांधून त्यांनी तो झाडून ठेवला होता. धाकटीचा नवरा ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडून तयार होता. आक्काने त्याला पहिलं विचारलं, "बुरशीचं औषध कालच लावून वाळवलंय ना? माझ्या भुकटीबरोबर ते नको. मारून टाकेल."

"कालच केलंय, आक्का. तुम्ही सांगून ठेवलं होतं तसंच."

तो शेताकडे गेला. दोघी बहिणी ताडपत्रीच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसल्या. आक्काने गुळाचं पाणी शिंपडलं, पाकीट फोडून भुकटी टाकली. धाकटीने हात घातले.

"चोळू नकोस. खालून घे, वर सोड. बाळाला आंघोळ घालतेस ना, तसं."

काही वेळ बियांचाच सळसळ आवाज येत राहिला. पिवळे दाणे हळूहळू काळे व्हायला लागले. धाकटी खाली बघतच म्हणाली, "आक्का, एक विचारू?"

"विचार."

"तू माझ्यावर अजून रागावली आहेस ना?"

आक्का दाणे खालीवर करत राहिली.

"रागावशीलच. तुझ्या जागी मी असते तर तोंडही बघितलं नसतं. तू निरोप पाठवलास आणि मी सवड बघत बसले. फाट्यावरचा दुकानदार म्हणाला, आईला बरं नाही, सवडीने ये. मी आपलं ते शब्दशः घेतलं. कापणी चालू होती. म्हटलं, एवढं आटोपलं की जाते. आपल्या आईला बरं नाही म्हटल्यावर सवड कसली बघायची, सांग ना? एवढंही मला कळू नये? मी रोज स्वतःला हेच विचारते. मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही."

आक्काचे हात थांबले.

"निरोप मीच तसा दिला होता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आई जाणार हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. आई तुझं नाव घेत होती. झोपेत, जागेपणी, सारखं. मी स्टँडवर गेले तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, लगेच ये म्हणून सांगू का? मी म्हटलं, नाही. सवडीने ये म्हणावं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "चुकून?"

"चुकून नाही."

"का?"

"मी तिचं सगळं करत होते. हगणं-मुतणं सगळं. आणि ती डोळे उघडून माझ्याकडे बघायची नि तुझ्या नावाने हाक मारायची. तू आली असतीस तर तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नसतं. मला वाटलं, शेवटचे दिवस तरी ती माझी एकटीची असावी. असं वाटलं मला. मी तसं केलं."

धाकटी उठली. तिचे हात काळे झाले होते, ते अंगापासून लांब धरून ती गोठ्याच्या दारापर्यंत गेली आणि चौकटीत पाठमोरी उभी राहिली. आक्का जागची हलली नाही. शेताकडून नवऱ्याने हाक दिली, "झालं का गं? ऊन तापतंय, ओल उडून जाईल!"



ताडपत्रीवर निम्मं बी काळं आणि निम्मं पिवळं होतं. सगळ्यावर पाणी शिंपडलेलं होतं. ओलं बी असंच पडून राहिलं की फुगतं, साल सुटते आणि वर्षाचं बियाणं वाया जातं. आक्का म्हणाली, "तू जा. मी एकटी करते."

"एकटीने होणार नाही ते," धाकटी पाठमोरीच म्हणाली.

ती परत येऊन आपल्या जागी बसली. दोघींनी ते बी पूर्ण केलं, मग दुसरी खेप, मग तिसरी. बियांखालून हात जाताना मध्येच बोटांना बोटं लागायची आणि धाकटी हात काढून घ्यायची. सुकलेलं बी पाट्यांमधून भरून ती शेतात नेत होती, रिकामी पाटी आणून ठेवत होती. आक्का सांगायची, "आता भर." ती भरायची. दुसरा शब्द नाही. नवऱ्याला वाटलं, बहिणी दमल्या असतील.

पेरणी संध्याकाळी संपली. आक्का हात धुऊन निघाली तेव्हा धाकटीने तिला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "तुमची गाडी येईल आता."

जन्मापासून जी 'तू' म्हणत आली, तिने 'तुमची' म्हटलं. आक्का मला म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहून ऐकल्या असत्या. ते 'तुमची' घेऊन मला बसमध्ये बसवेना."

हे तिने मला सांगितलं ते पेरणीचे दिवस संपल्यावर, रिकाम्या शेडमध्ये. मी हातातलं दोऱ्याचं रीळ गुंडाळत बसले. मनात आलं, बाई गं, काय केलंस तू हे. आणि दुसऱ्याच क्षणी दुपारी घरी पळत जाणारी आक्का डोळ्यांपुढे आली. दोन्ही खरंच होतं.

त्यानंतर आक्काने एक काम केलं, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या ज्या ज्या घरी तेव्हा बोलणं झालं होतं, त्या प्रत्येक घरी ती गेली. दारातच उभी राहून म्हणाली, "आईच्या वेळी धाकटी उशिरा आली, ती तिची चूक नव्हती. मीच तिला खोटा निरोप पाठवला होता." कोणी अवाक झालं, कोणी आत बोलावून खोदून विचारलं. आमच्या शेजारची म्हातारी म्हणाली, "आता कशाला उकरून काढतेस? सगळे विसरलेत."

"ती विसरली नाहीये," आक्का म्हणाली. "तिच्या माथी मारलेलं ते माझं आहे."

काही बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. शेडसमोरच्या रांगेतही कुजबुज व्हायची. आक्का मान खाली घालून बी खालीवर करत राहायची. 'सावलीत' म्हणून ओरडणं मात्र तिने सोडलं नाही.

नदीपलीकडचं पीक त्या वर्षी हिरवंगार आलं. हे आम्हाला धाकटीच्या नवऱ्याकडून कळलं, तो काही सामान न्यायला आला होता. मुळांवर गाठी भरपूर होत्या, चिरून पाहिल्या तर आतून लालसर, म्हणजे जिवाणू कामाला लागलेले. आक्काने हे सगळं दोनदा विचारून घेतलं. धाकटीबद्दल विचारायचं तिचं धाडस झालं नाही.

पुढच्या पेरणीला धाकटी आली. रांगेत उभी राहिली, बाकी सगळे उभे होते तशीच. नंबर आला तेव्हा म्हणाली, "ताजी पाकिटं आहेत का तुमच्याकडे? या वेळी मी घरीच लावणार आहे."

आक्काने पाकिटं दिली, त्यांवरची तारीख तिला दाखवली. धाकटीने ती ओल्या कापडात गुंडाळली. पण ती गेली नाही. शेडच्या एका बाजूला पोत्यावर बसून राहिली. रांग संपली, लोक गेले. मी उठायला लागले तर धाकटी म्हणाली, "तू बस. तुझ्यापुढे बोललं तरी चालेल." मग आक्काकडे वळली.

"ते शेवटचे दिवस मला सांगा. आई काय काय बोलली ते सगळं. वगळू नका काही."

आक्का तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सांगायला लागली. आधी अडखळत, मग एकेक आठवत. आईला वाटायचं धाकटी अजून लहान आहे, शाळेतून यायची आहे. पुन्हा पुन्हा विचारायची, तिच्या वेण्या घातल्या का. खिडकी उघडी ठेव म्हणायची, ती रस्त्याने येताना दिसेल. एकदा हसली होती, का ते कळलं नाही. एकदा रागावून म्हणाली होती, तिला मारू नकोस गं, शाळेची पाटी मी फोडली. धाकटी हे ऐकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने ते पुसलं नाही. मध्येच विचारायची, "आवाज कसा होता?" "डोळे उघडे होते का?" आक्का सांगायची.

"आणि शेवटचं?"

"शेवटचं तसं काही नाही. दार लावलंस का, म्हणाली. मी म्हटलं, लावलं. मग काही बोलली नाही."

"त्याआधी?"

"त्याआधी..." आक्का आठवत होती. "मी तिला पाणी पाजत होते. चमच्याने. तर माझा हात धरला नि म्हणाली, तू जेवलीस का? सकाळपासून उभीच आहेस."

मग धाकटी म्हणाली, "हे मला नव्हतं विचारलेलं. मी तिथे सकाळपासून उभी नव्हते."

आक्काने मान वर केली.

"तुला ओळखत होती ती, आक्का. तू होतीस ते तिला कळत होतं."

एवढ्या वर्षांत आक्काने हे वाक्य कधी असं धरून पाहिलंच नव्हतं. ती दुसऱ्याच नावाकडे कान लावून बसली होती. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती रडायला लागली. हातांना भुकटी होती, तोंड सगळं काळं झालं. मी तिला इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

धाकटी तिच्याजवळ गेली नाही. जागेवरूनच म्हणाली, "मला मात्र कोणी विचारलं नाही, मी जेवले का म्हणून. ते मला मिळायचं होतं, ते गेलं." आणि पाकिटं उचलून ती बसला निघून गेली.

याला आता खूप काळ लोटला. आक्काच्या बोटांचे सांधे धरले आहेत, शेडचं काम तिने सोडलं. तिथे आता एक तरणी बाई बसते, तिचाही आवाज मोठा आहे. धाकटी महिन्यातून एखादा दिवस येते, आईच्या खोलीत झोपते आणि सकाळच्या गाडीने जाते. जाण्याआधी आक्काला नखं कापून देते, कारण तिला स्वतःला कात्री धरवत नाही. दोघी फार बोलतात असं नाही. बोलतात तेव्हा बहुतेक आईबद्दलच, तिच्या हाताची चव, तिचा राग, तिचं विनाकारण काळजी करणं.

एकदा स्टँडवर धाकटी भेटली तेव्हा मी तिला सरळ विचारलं, "माफ केलंस का गं तिला?"

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "पण आई मी लहान असताना कशी होती हे सांगायला तिच्याशिवाय मला दुसरं कोण उरलंय?"

गाडी आली तशी पिशवी उचलून ती गर्दीत शिरली, आणि खिडकीशी जागा मिळाल्यावर मला हात केला.